डोंगरची काळी मैना

एप्रिल-मे महिन्यांत दादर स्थानकाबाहेर किंवा गिरगावातल्या पदपथावर पानांच्या द्रोणांतून करवंदे विकायला येतात. सोबत हाक येते, 'डोंगरची काळी मैना!' फळाचे नाव न घेताही गिऱ्हाइकाला ते बरोबर कळते.

'करवंद' हा शब्द संस्कृत 'करमर्द'वरून आला. दोन स्वरांमधल्या 'म'चा 'व' करणे ही मराठीची जुनी खोड. 'ग्राम'चे गाव आणि 'नाम'चे नाव झाले ते याच रीतीने. गुजरातीने 'म' सोडला नाही. त्यामुळे भुलेश्वरच्या गुजराती घरात 'करमदां' आणि शेजारच्या गिरगावात करवंदे, अशी एकाच शब्दाची दोन रूपे हाकेच्या अंतरावर नांदतात. हिंदीत करौंदा. लिनियसने १७६७ साली दिलेल्या 'कॅरिसा कॅरँडस' या शास्त्रीय नावातही हाच देशी शब्द डोकावतो. मराठीत फळ नपुंसकलिंगी, झुडूप मात्र करवंदी किंवा करवंदीण. बोलताना आपण 'करवंदाची जाळी'च म्हणतो.

'काळी' या विशेषणालाही जुना आधार आहे. अमरकोशात करमर्दकाला 'कृष्णपाकफल', म्हणजे पिकल्यावर काळे होणारे, असा पर्याय दिला आहे. 'मैना' मात्र लोकांची. मैना हा पक्षी, तशीच ती प्रिय स्त्रीही. अण्णाभाऊ साठे यांची संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली 'माझी मैना' ही छक्कड ऐकलेल्या लालबाग-परळला हा दुसरा अर्थ सांगावा लागत नाही. मुलांनी आणखी एक जोडी घडवली: फळ फोडल्यावर गर लाल निघाला तर कोंबडा, पांढुरका निघाला तर कोंबडी.

एवढी नावे असलेले हे फळ शहरात बिननावानेही खपते. केकवरची आणि मसाला पानातली लालभडक 'चेरी' बहुतेकदा करवंदच असते. कच्च्या फळातली बी काढायची, ते पाकात मुरवायचे आणि रंग द्यायचा, की झाली चेरी. (टुटीफ्रुटीतल्या कच्च्या पपईचे नशीबही असेच.) चवीला वाईट नाही, पण डबीवर 'करवंद' असे ठळक छापायला काय हरकत आहे? चेरी म्हटले की भाव चढतो, हे उघड आहे. त्याच कच्च्या फळाचे घरी लोणचे घातले, तर ते मात्र करवंदाचेच लोणचे असते.