दुसरी डाळ मिल टाकण्याआधी हा हिशेब करा

गावातील एक डाळ मिल चांगली चालते म्हणून तिच्याशेजारी दुसरी उभी करण्याचा विचार करत असाल, तर आधी गावात भरडाईला येणारा माल मोजा.

समजा, मिलचा कर्जहप्ता, भाडे व इतर ठरलेला खर्च वर्षाला १,२०,००० रुपये आहे. वर्षात ४०० क्विंटल माल आला, तर क्विंटलमागे ३०० रुपये खर्च बसतो. माल ८०० क्विंटल झाला, तर १५० रुपये. पण तोच ४०० क्विंटल माल दोन मिलमध्ये विभागला, तर प्रत्येकीला क्विंटलमागे ६०० रुपये मोजावे लागतात. मग दोघांचेही हप्ते थकतात.

चालू उद्योग असा वाढवा
• मिल फक्त तुरीवर ठेवू नका. पावसाळ्याच्या अखेरीस मूग-उडीद, जानेवारीपासून तूर आणि त्यानंतर हरभरा घ्या.
• शेजारच्या गावांतील शेतकरी गट व बचत गटांशी भरडाईचा दर हंगामाआधीच ठरवा.
• भरडाईपूर्वी माल स्वच्छ करून प्रतवारी करा. एकसारख्या आकाराच्या दाण्यांत तूट कमी येते.

नवे उद्योग कोणते?
चालू मिलला पूरक ठरतील ते. मिलमधून निघणारी चुनी व टरफल पशुखाद्यात वापरता येते. डाळीचे पॅकिंग, बेसन-पापड निर्मिती, मालवाहतूक आणि यंत्रदुरुस्ती यांनाही मिलमुळे बारमाही काम मिळू शकते. माल नियमित असेल, तर बाहेरचा खरेदीदारही गावात येतो.

अनुदानाबाबत
प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये सुरू झाली. त्यात वैयक्तिक उद्योगासाठी पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. जुन्या उद्योगाच्या विस्तारालाही ते लागू होते. लाभार्थ्याचा हिस्सा किमान १० टक्के असतो. मात्र अनुदान लगेच हातात पडत नाही. कर्जाच्या शेवटच्या हप्त्याच्या वितरणानंतर ३ वर्षांनी, कर्जखाते नियमित आणि उद्योग चालू असेल, तरच ते खात्यात जमा धरले जाते. बंद पडलेल्या मिलला ते वाचवत नाही.

अर्ज करण्यापूर्वी योजनेची सद्यस्थिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्या.