देवमासे वाचवा चळवळ

देवमाशांची व्यापारी शिकार थांबावी म्हणून उत्तर अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात उभी राहिलेली लोकचळवळ. १९७० ते १९८२ हा तिचा ऐन जोराचा काळ.

विसाव्या शतकात जगभर सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. स्फोटक भाला फेकणारी तोफ नॉर्वेच्या स्वेन फॉइनने १८६०च्या दशकातच तयार केली होती. १९२५पासून मागच्या अंगाला उतार असलेली कारखाना-जहाजे आली. मारलेला देवमासा भर समुद्रात त्या उतारावरून वर ओढायचा, तिथेच सोलायचा आणि चरबी उकळायची. त्या तेलाचे मार्गारीन झाले, साबण झाला. १९४६च्या करारातून आंतरराष्ट्रीय देवमासा आयोग स्थापन झाला खरा. पण त्याचा अंटार्क्टिकमधला कोटा मोजला जाई तो ‘निळा देवमासा एककात’. एक निळा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई देवमासे. हे माप तेलाचे होते. कोणती जात किती उरली आहे, हे त्यात कुठेच येत नव्हते. साहजिकच सर्वांत मोठा प्राणी सर्वांत आधी संपत गेला. अंटार्क्टिक समुद्रात एके काळी दोन लाखांहून अधिक निळे देवमासे होते. १९७०च्या दशकाच्या आरंभी ते काहीशेच उरले. जीव पिंपांत मोजणारे हे माप १९७२पर्यंत चालू राहिले, ही आयोगाच्या इतिहासातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणावी लागेल.

चळवळीला सूर सापडला तो बर्म्युडाजवळ. पाणबुड्यांचे आवाज टिपण्याच्या कामावर असलेले अभियंते फ्रँक वॉटलिंग्टन यांच्या ध्वनिफितींवर हंपबॅकचे आवाजही उतरले होते. ते ऐकून संशोधक रॉजर पेन आणि स्कॉट मॅकवे यांनी दाखवून दिले, की ही विस्कळीत ओरड नाही. ठरावीक क्रमाने येणारी, पुन्हा पहिल्यापासून म्हटली जाणारी गाणी आहेत. १९७०मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि घराघरांत वाजली. १९७९मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने अंकासोबत या गाण्यांच्या एक कोटीहून अधिक तबकड्या वाचकांना पाठवल्या. आकडेवारीने जे साधले नव्हते ते या आवाजाने साधले. ज्याचे गाणे ऐकले त्याच्याकडे तेलाचा साठा म्हणून पाहणे लोकांना जमेना.

१९७२च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेने व्यापारी शिकारीला दहा वर्षे स्थगिती द्यावी, अशी शिफारस केली. आयोगाने ती मानली नाही. मग माणसे समुद्रात उतरली. एप्रिल १९७५मध्ये ग्रीनपीसची ‘फिलिस कॉर्मॅक’ ही मासेमारी बोट व्हँकुव्हरहून निघाली आणि जूनअखेरीस कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात तिला ‘दाल्नी वोस्तोक’ या कारखाना-जहाजाचा सोव्हिएत ताफा गाठता आला. देवमासे आणि तोफ यांच्यामध्ये कार्यकर्त्यांनी हवा भरलेल्या छोट्या रबरी होड्या घातल्या. शिकारी जहाजाने तरीही भाला सोडला. तो ग्रीनपीसचे रॉबर्ट हंटर बसलेल्या होडीवरून गेला आणि त्याच्या मागची पोलादी तार होडीशेजारी पाण्यावर आपटली. भाला पुढच्या स्पर्म देवमाशाला लागला. हे सारे चित्रित झाले आणि अमेरिकेतल्या बातम्यांतून लाखो घरांत दिसले.

ऑस्ट्रेलियात आल्बनी येथील देशातले शेवटचे शिकारकेंद्र नोव्हेंबर १९७८मध्ये बंद झाले. त्यापाठोपाठ सिडनी फ्रॉस्ट यांच्या चौकशी अहवालाने शिकारबंदीचीच शिफारस केली.

चळवळीची एक चूक मात्र नोंदवायलाच हवी. शेकडो देवमासे कापणारा ताफा आणि वर्षाला मोजकेच बोहेड देवमासे धरून गाव जगवणारे अलास्काचे इन्युपिआट शिकारी यांतला फरक तिच्यातल्या अनेकांनी पाहिला नाही. १९७७मध्ये आयोगाने या शिकाऱ्यांवरही बंदी घातली. त्यांनी संघटना बांधून दाद मागितली, तेव्हा वर्षअखेरीस मर्यादित कोटा मिळाला.

१९७९मध्ये सेशेल्सच्या प्रस्तावावरून हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला. कोकणचा समुद्र त्यातच येतो. २३ जुलै १९८२ रोजी ब्रायटन येथे आयोगाच्या बैठकीत व्यापारी शिकारबंदीचा ठराव २५ विरुद्ध ७ मतांनी संमत झाला. पाच देश तटस्थ राहिले, भारताने बाजूने मत दिले. १९८५-८६च्या हंगामापासून बंदी लागू झाली. नॉर्वेने हरकत नोंदवून १९९३मध्ये शिकार पुन्हा सुरू केली, आइसलँडने २००६मध्ये. जपानची अंटार्क्टिकमधील ‘संशोधनासाठीची’ शिकार आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१४मध्ये बेकायदा ठरवली. २०१९मध्ये जपान आयोगातूनच बाहेर पडला.

बंदीचे फळ दिसते. नैर्ऋत्य अटलांटिकमधले हंपबॅक काहीशेवरून सुमारे पंचवीस हजारांपर्यंत वाढले आहेत. अरबी समुद्रात तसे घडलेले नाही. सोव्हिएत ताफ्यांनी सुमारे १ लाख ८० हजार देवमासे मारून जगापासून दडवले, हे १९९३पासून उघड होत गेले. त्यांतले सुमारे २४० हंपबॅक जवळजवळ सारे एकट्या नोव्हेंबर १९६६मध्ये ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ मारले गेले होते. इथले हंपबॅक इतरांसारखे दूरच्या थंड समुद्रांत ये-जा करत नाहीत, त्यामुळे बाहेरून भर पडत नाही. ओमानजवळ आज ते शंभराच्याही आत आहेत. गोव्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहकांनीही अलीकडे हंपबॅकचे गाणे टिपले आहे.