धुराच्या गाड्या आणि अनुदानाचा अधिकार

लंडन शहर आणि धूर यांचें नातें जुनें आहे. १९५२ सालच्या डिसेंबरांत त्या शहरावर चार-पांच दिवस जें काळें धुकें बसून राहिलें, त्यांत हजारों माणसें मरण पावलीं. आणि त्या आपत्तींतूनच १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा जन्मास आला. ह्या कायद्यांतील एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. धूरबंदीच्या भागांत ज्या घरवाल्यास आपली कोळशाची शेगडी बदलावी लागे, त्यास वाजवी खर्चाच्या दहा हिश्शांपैकीं सात हिस्से स्थानिक कौन्सिलकडून परत मिळत. कौन्सिलला त्यांपैकीं चार हिस्से सरकारी खजिन्यांतून मिळत. उरलेले तीन हिस्से घरवाल्यानें सोसावयाचे. मात्र कायदा झाल्यानंतर बांधलेल्या नव्या घरास हें साहाय्य नव्हतें. कायदा ठाऊक असूनही ज्यानें जुन्या तऱ्हेची शेगडी बसविली, त्याचा भार इतरांनीं कां वाहावा? रेषा कोठें ओढली आणि कां ओढली, हें कोणासही उमजण्याजोगें होतें.

पुढें सहा दशकांनीं शेगडीच्या जागीं मोटार आली, तेव्हां ही रेषा इतक्या सहज ओढतां आली नाहीं.

मोटारीचा धूर डोळ्यांस फारसा दिसत नाहीं. तो फुफ्फुसांस जाणवतो. लंडनच्या दक्षिण भागांत, सतत वाहत्या हमरस्त्याजवळ राहणारी एला किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ सालीं दम्यानें मरण पावली. तिच्या मृत्यूस दूषित हवा कारणीभूत झाली होती, असा निर्णय २०२० च्या डिसेंबरांत मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें दिला. ब्रिटनमध्यें असा निर्णय हा पहिलाच. त्यापूर्वींच, ८ एप्रिल २०१९ पासून, शहराच्या मध्यभागीं ‘यूलेझ’ म्हणजे अत्यल्प धुराचें क्षेत्र सुरू झालें होतें. ठराविक मानास न उतरणारी गाडी त्यांत आणणाऱ्यास दररोज साडेबारा पौंड भरावे लागत. ढोबळ मानानें २००६ पूर्वींच्या पेट्रोल गाड्या व २०१५ च्या सप्टेंबरपूर्वींच्या डिझेल गाड्या ह्या कचाट्यांत सांपडल्या. २०२१ च्या ऑक्टोबरांत हें क्षेत्र वाढलें, आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून तें लंडनच्या सर्व बरोंना लागू झालें.

डिझेलवाल्यांचा रोष अगदींच अनाठायीं नव्हता. २००१ पासून त्याच देशाच्या सरकारनें मोटारीवरील वार्षिक कर कार्बन डायॉक्साइडच्या प्रमाणावर बसविला होता व त्यामुळें डिझेल गाडी घेणारास सवलत मिळत असे. सरकारच्याच सांगण्यावरून घेतलेली गाडी आतां दंडपात्र ठरावी, हें लोकांना रुचणें कठीण होतें.

ह्या रोषावर उतारा म्हणून महापौर सादिक खान यांनीं जुनी गाडी मोडीत काढणारास अनुदान देण्याची योजना ३० जानेवारी २०२३ रोजीं खुली केली. रक्कम अकरा कोटी पौंड. मोटारीस दोन हजार, दुचाकीस एक हजार, आणि व्हॅन किंवा अपंगांसाठीं सोईच्या केलेल्या गाडीस याहून पुष्कळ अधिक. अर्ज कोणीं करावा? उत्पन्न कमी असल्यामुळें अथवा अपंगत्वामुळें सरकारी साहाय्य घेणारे लंडनवासी, दहांपर्यंत नोकर असलेले छोटे धंदेवाले, आणि धर्मादाय संस्था. बाकीच्यांना दार बंद. भांडण येथून सुरू झालें.

साहाय्याच्या यादींत नांव असलेल्यास दोन हजार पौंड, आणि त्या मर्यादेहून किंचित् अधिक मिळविणाऱ्या शेजाऱ्यास छदामही नाहीं, हा पहिला आक्षेप. दुसरा त्याहून कठीण. लंडनच्या सीमेबाहेर सरे, केंट, एसेक्स या परगण्यांत राहून रोज शहरांत कामास येणाऱ्यांस कर लागू, पण अनुदान नाहीं; कारण तें केवळ लंडनवासियांसाठीं! कर घेतांना जी सीमा आड येत नाहीं, ती पैसे देतांनाच आड यावी, हा युक्तिवाद ऐकणाऱ्याच्या मनाची पकड घेतो. महापौरांची बाजू अशी कीं, निधी लंडनचा. इतर शहरांना मध्यवर्ती सरकारनें अशा कामीं मदत दिली, ती लंडनला दिली नाहीं. बेक्सली, ब्रॉम्ली, हॅरो व हिलिंग्डन हीं चार लंडनचींच कौन्सिलें आणि सरेचें कौन्सिल न्यायालयांत गेलीं. अनुदानाविषयीं लोकमत घेतांना पुरेशी माहिती दिली नाहीं, हा त्यांचा एक मुद्दा होता. न्यायमूर्ति स्विफ्ट यांनीं २८ जुलै २०२३ रोजीं दावा फेटाळला. सल्लामसलत फारशी खोलवर झाली नसली, तरी ती बेकायदेशीर नव्हती, असें त्यांचें मत पडलें.

न्यायालयानें जें दिलें नाहीं, तें मतपेटीनें बऱ्याच अंशीं मिळवून दिलें, असेंच म्हणावें लागेल. २० जुलै रोजीं अक्सब्रिजच्या पोटनिवडणुकींत महापौरांचा पक्ष ४९५ मतांनीं हरला, आणि त्याचें खापर यूलेझवर फुटलें. (ती जागा बोरिस जॉन्सन यांनीं सोडलेली. यूलेझचा आरंभींचा आराखडा त्यांनींच महापौर असतांना मान्य केला होता, ही गोष्ट त्या धामधुमींत फारशा कोणाच्या ध्यानीं राहिली नाहीं!) जुलै संपतांना मुलांसाठींचा भत्ता घेणारीं सर्व कुटुंबें व पन्नासांपर्यंत नोकर असलेले धंदे योजनेंत आले. २१ ऑगस्टपासून तर पैसा सोळा कोटींवर नेऊन मानास न उतरणारी गाडी असलेल्या सर्वच लंडनवासियांस दार उघडलें. सहा महिने ज्या अटीवर वाद चालला, ती अट अंमलबजावणीस आठ दिवस उरले असतां गळून पडली.

सीमेचा प्रश्न एकदां अनपेक्षित दिशेनेंही उभा राहिला. ह्या मोडीच्या गाड्या युद्धग्रस्त युक्रेनला द्याव्यात, अशी विनंती कीव्हचे महापौर क्लिच्को यांनीं केली. लंडनच्या पैशाचा लाभ लंडनवासियांसच झाला पाहिजे, असें कायद्याचें कारण दाखवून ती प्रथम अमान्य झाली. २०२४ च्या मार्चपासून मात्र मोडीऐवजीं गाडी युक्रेनला देण्याची मुभा मिळाली.

नव्या अर्जांसाठीं योजना ७ सप्टेंबर २०२४ रोजीं बंद झाली. तोंवर तिची रक्कम एकवीस कोटींवर गेली होती. सरे आणि केंटमधून रोज येणारा कामगार शेवटपर्यंत तिच्या बाहेरच राहिला.