घासलेली अक्षरे : जर्मन समारंभी खंजिरांचा संग्रह आणि इतिहासाचे साधन

नाणी व ताम्रपट यांप्रमाणेच शस्त्राचे पातेही इतिहासाचे साधन ठरते. मात्र त्यावरील खूण ही नेहमीच प्रामाणिक असते असे नाही. वुपर नदीकाठचे झोलिंगेन हे जर्मन शहर मध्ययुगापासून पात्यांसाठी प्रसिद्ध आहे. पासाऊ येथील पात्यांवर असणारे धावत्या लांडग्याचे चिन्ह झोलिंगेनचे कारागीर आपल्या मालावर सर्रास उमटवीत असत. मराठ्यांच्या ‘फिरंग’ तलवारींतही जर्मन पाती आढळतात; मूठ तेवढी एतद्देशीय. तात्पर्य, खऱ्याखोट्या खुणांचा वाद संग्राहकांच्या काळाहून बराच जुना आहे.

विसाव्या शतकात हा वाद एका खंजिरापाशी विशेष तीव्र झालेला दिसतो. १९३३ मध्ये नाझी पक्षाच्या एस.ए. या वादळी दलासाठी समारंभी खंजीर प्रचारात आला. त्याचा घाट सोळाव्या शतकातील स्विस खंजिरावरून घेतलेला, मूठ तपकिरी लाकडाची आणि पात्यावर ‘सर्व काही जर्मनीसाठी’ या अर्थाचे जर्मन घोषवाक्य कोरलेले होते. (हेच घोषवाक्य भाषणात वापरल्याबद्दल २०२४ मध्ये हाले येथील न्यायालयाने एका राजकीय नेत्यास दंड केला.) दलाचा प्रमुख एर्न्स्ट र्‍योम याने १९३४ च्या प्रारंभी जुन्या सदस्यांना जे खंजीर दिले, त्यांच्या पात्याच्या मागील बाजूस ‘हार्दिक मैत्रीपूर्वक’ हे शब्द व त्याची सही त्याच्याच हस्ताक्षरात आम्लाने कोरलेली होती.

३० जून १९३४ रोजी हिटलरच्या आज्ञेने र्‍योमला अटक झाली व दुसऱ्या दिवशी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. पाठोपाठ ही अक्षरे पुसून टाकण्याचा हुकूम निघाला. कोणी संपूर्ण मजकूर घासला, तर कोणी केवळ नाव घासून ‘हार्दिक मैत्रीपूर्वक’ एवढेच शिल्लक ठेवले. मैत्री राहिली, मित्र गेला! काहींनी मात्र खंजीर जसाच्या तसा जपला. त्यामागे निष्ठा होती, आळस होता की विसर, हे पाते सांगू शकत नाही.

१९४५ नंतर दोस्त सैनिकांनी स्मरणवस्तू म्हणून असे असंख्य खंजीर मायदेशी नेले आणि त्यांतून बाजार उभा राहिला. या बाजारात अखंड अक्षरांच्या खंजिराला मोठी किंमत येते, घासलेल्याला कमी. परिणामी साध्या पात्यांवर हा मजकूर नव्याने कोरण्याचा उद्योग फोफावला. किमतीचा हा क्रम संग्राहकास सोयीचा असला तरी इतिहासाच्या दृष्टीने तो उलटा आहे. अखंड मजकूर र्‍योमच्या उदयाची साक्ष देतो. घासलेल्या पात्यात त्याचा उदय आणि सामान्य सदस्याची भीतीने झालेली आज्ञाधारकता या दोन्ही गोष्टी एकत्र सापडतात.

या पात्यांना कारखान्यात आडवी झिलई दिली जात असे. अक्षरे घासली की तेवढ्या भागातील रेषांची दिशा बदलते, आणि तिरप्या उजेडात हा फरक साध्या डोळ्यांनाही दिसतो. लिलावाच्या याद्यांत त्याची नोंद दोष म्हणून केली जाते.