एकरकमी समुद्रमुक्काम : कॅरिबियन ते दिवेआगर

खोलीचे भाडे, तीन वेळचे जेवण, मधल्या वेळचे खाणे, पेये, मुलांची करमणूक आणि किनाऱ्यावरचे खेळ या साऱ्याचे पैसे निघण्यापूर्वीच एकदा मोजायचे आणि मुक्काम संपेपर्यंत पाकीट उघडायचे नाही, या पद्धतीला पर्यटन व्यवसायात ‘ऑल इन्क्लुसिव्ह’ म्हणतात. जमैका, बहामा, डोमिनिकन रिपब्लिक या देशांत आणि मेक्सिकोच्या कॅनकून किनाऱ्यावर ती विशेष रुजली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही मुलांच्या सुटीत तिकडे जातात. अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असल्यास मेक्सिको आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पर्यटनासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, ही त्यातली सोय. भारतातून निघणाऱ्याला मात्र वाटेत अमेरिकेच्या विमानतळावर विमान बदलायचे असेल, तर तेवढ्यासाठीही त्या देशाचा व्हिसा लागतो.

या कल्पनेचा उगम कॅरिबियनमधला नाही. १९५० मध्ये जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून ‘क्लब मेडिटरेनियन’ची पहिली वसाहत उभारली. राहणे, जेवणे आणि खेळणे एकाच रकमेत. पुढे तेथे वरखर्चासाठी नोटांऐवजी माळेतले मणी चालू लागले. पोहण्याच्या कपड्यांत पैसे ठेवणार कुठे? जमैकात ही पद्धत १९७० च्या दशकात आली, त्याला निराळे कारण होते. १९७६ मध्ये त्या देशात आणीबाणी जाहीर झाली आणि १९८० च्या निवडणुकीत राजकीय हिंसाचारात शेकडो माणसे मारली गेली. हॉटेलबाहेर पाऊल टाकायला पर्यटक घाबरू लागले. तेव्हा बाहेर पडण्याची गरजच उरणार नाही, अशी व्यवस्था हॉटेलचालकांनी कुंपणाच्या आत केली. १९८१ मध्ये माँटेगो बे येथे गॉर्डन स्टुअर्ट यांनी सुरू केलेले ‘सँडल्स’ हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. तेथे केवळ जोडप्यांना प्रवेश होता. मुलाबाळांसह येणाऱ्यांसाठी त्याच समूहाने १९९७ मध्ये नेग्रिल येथे ‘बीचेस’ हे वेगळे संकुल काढले.

रकमेत काय येते?

कौटुंबिक संकुलात लहानांसाठी वयानुसार वेगवेगळी खेळघरे, सांभाळायला प्रशिक्षित माणसे, उथळ तरणतलाव आणि दिवसभर उघडे असलेले खाण्याचे टेबल असते. वल्ह्यांच्या होड्या, शिडाच्या छोट्या नावा, पाण्यावर तरंगत तळ पाहण्याचे साहित्य हे बहुतेक ठिकाणी रकमेत धरलेले असते. इंजिनावर चालणारे खेळ, मालिश, बाहेरच्या सहली यांचे पैसे सहसा वेगळे. आकारणी खोलीमागे नव्हे, माणसामागे होते. मुलांना कोणत्या वयापर्यंत सवलत आहे हे प्रत्येक ठिकाणी बदलते. म्हणून आजी-आजोबांसह जाणाऱ्या सहा-सात जणांच्या कुटुंबाने आधी याच ओळी वाचाव्यात.

मराठी कुटुंबाला न परवडणारी एक गोष्ट या हिशेबात दडलेली असते. रकमेत मद्याचाही खर्च धरलेला असतो. जो पीत नाही, तो शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्याचे बिल भरतो. शाकाहारी माणसाचेही तेच, कारण मासे आणि मांसाचा खर्च त्याच्याही माथी पडलेला असतो. जेवणाची आबाळ मात्र वाटते तेवढी होत नाही. १८४५ पासून हजारो भारतीय मजूर करार करून जमैका आणि त्रिनिदादला नेले गेले. त्यांच्यामागोमाग गेलेली रोटी आणि करी आज त्या बेटांच्या रोजच्या जेवणाचा भाग आहे.

त्या किनाऱ्यांना निसर्गानेही हात दिला आहे. कॅरिबियन समुद्रात भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरपेक्षाही कमी. सकाळी जेथे गुडघाभर पाणी, तेथे सायंकाळीही जवळपास तेवढेच.  जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम मात्र टाळलेला बरा.

कुंपणाबाहेर

या व्यवस्थेवरचा मुख्य आक्षेप पैशाच्या वाटेबद्दल आहे. पाहुण्याने रक्कम परदेशातल्या कंपनीकडे भरली, खाद्यपदार्थ परदेशातून आले आणि पाहुणा बाहेर पडलाच नाही, तर गावातल्या खानावळीला आणि टॅक्सीवाल्याला काय मिळणार? अर्थशास्त्रात याला ‘गळती’ म्हणतात. दुसरा आक्षेप किनाऱ्याचा. जमैकात १९५६ मध्ये झालेल्या कायद्याने पुळणीचे हक्क सरकारकडे ठेवले आणि परवाने देण्याची सोय केली. सामान्य नागरिकाला समुद्रस्नानाचा सरसकट हक्क दिला नाही. आपल्याच समुद्रावर जाण्यासाठी तेथील रहिवाशांना न्यायालयाची पायरी चढावी लागली आहे.

आपल्याकडे तसे कुंपण घालता येत नाही. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधली पुळण कोणा हॉटेलची होत नाही. किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. तिने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी घातली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर ५० मीटरपर्यंत खाली आणले. या बंधनाचा एक परिणाम असा, की कोकणात पर्यटक पुळणीवर नव्हे, तर वाडीत, म्हणजे गावात उतरतो.

वाडीतली एक रक्कम

रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे याचे ठळक उदाहरण. हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना शके ९८२ च्या, म्हणजे इ. स. १०६० च्या मराठी ताम्रपटामुळे ठाऊक होते. पर्यटकांना ते कळले १७ नोव्हेंबर १९९७ नंतर. त्या दिवशी एका सुपारीच्या बागेत खोदकाम करताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. दर्शनाला येणाऱ्यांची रीघ लागली आणि घराघरांतून पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. माणशी एक दर, त्यात राहणे, सकाळची न्याहारी आणि दोन वेळचे जेवण. ‘ऑल इन्क्लुसिव्ह’ हा शब्द न उच्चारता गावाने तीच पद्धत चालवली. फरक इतकाच, की पैसा घेणारा, रांधणारा आणि वाढणारा एकाच घरातला. राज्याची ‘न्याहारी व निवास’ योजनाही याच धर्तीची आहे.

अशा गावाचा आधार नाजूक असतो, हेही दिवेआगरने दाखवून दिले. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडेखोरांनी मंदिराच्या दोन रखवालदारांना ठार करून मुखवटा पळवला आणि वितळवला. पाठोपाठ गर्दी ओसरली. त्यातून सावरत असताना ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवी पोफळ फळाला येण्यास काही वर्षे जातात. तोवर अनेक घरांची मदार पाहुण्यांवरच राहिली. हस्तगत केलेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा नोव्हेंबर २०२१ मध्ये मंदिरात पुन्हा बसवण्यात आला.

समुद्र रकमेत नाही

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याच्या धावड्यासारख्या गावातून निघणाऱ्या कुटुंबाला मुंबईचा समुद्रच रस्त्याने चारशे किलोमीटरहून दूर पडतो. जालन्यावरून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाल्याने हा प्रवास पुष्कळ आटोपशीर झाला आहे. पुढे पनवेल, माणगाव आणि म्हसळा या मार्गाने दिवेआगर गाठता येते. धरणाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात पोहायला शिकलेल्या माणसाला मात्र एक गोष्ट बजावून सांगावी लागते. मुंबईजवळ मोठ्या उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहूनही अधिक चढते-उतरते. दक्षिणेकडे हा फरक कमी होतो, पण तोही कॅरिबियनच्या कित्येक पट. सपाट पुळणीवर ओहोटीचे पाणी माणसाला सहज आत ओढते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ते भर दुपारी.

वेळ काढण्याचा कोकणी हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. येईल त्या तासाच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. कृष्ण पक्षात पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. दिवेआगरला गर्दी होते ती संकष्टीला, म्हणजे चतुर्थीला. त्या दिवशी भरती तीनच्या सुमारास. साहजिकच दर्शन आटोपून चार-पाच वाजता लोक समुद्रावर उतरतात, तेव्हा पाणी परत फिरलेले असते. त्या वेळी मुलांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नये. हिशेब ढोबळ असल्याने घरमालकाला विचारणे अधिक चांगले.

पावसाळ्यात, जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, पाण्यावरचे खेळ बंद असतात. घरगुती मुक्कामात जेवणाऱ्यांची संख्या आदल्या दिवशी कळवावी लागते, कारण नारळ तेवढेच खवले जातात. उकडीचे मोदक हवे असल्यास ते आवर्जून सांगावे. संकष्टीला उपास चंद्रोदयानंतर सुटतो, त्यामुळे त्या रात्री पान नऊच्या पुढेच वाढले जाण्याची शक्यता असते. लहान मुले बरोबर असतील तर त्यांच्या जेवणाचे सकाळीच सांगून ठेवावे.