टीकेचा न्याय आणि व्हिडिओ गेममधील स्त्री

१९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘डाँकी काँग’ हा खेळ आला. वानराने पळवून नेलेल्या स्त्रीस सोडविणे, एवढेच त्याचे कथानक. व्हिडिओ गेममधील स्त्री पुष्कळदा अशी जिंकून आणावयाची वस्तू ठरते, असा आक्षेप अनिता सार्कीसियन यांनी २०१३ पासूनच्या आपल्या चित्रफीत-मालिकेत घेतला. त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप झाला. २०१४ साली त्यांनी ‘हिटमॅन: अ‍ॅब्सोल्यूशन’मधील नर्तकींवरील हिंसेचा दाखला दिला, तेव्हा निरपराधांना मारल्यास त्या खेळात गुण कापले जातात, याकडे आक्षेपकांनी लक्ष वेधले. हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. दाखला द्यावयाचा तर तो पूर्ण द्यावा. तथापि गुण कापले, तरी त्या नर्तकींना तेथे केवळ शोभेपुरते कोणी उभे केले, हा मूळ प्रश्न उरतोच.

इथवर हा वाद समीक्षेचा होता. परंतु ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठात गोळीबाराची धमकी आली आणि सार्कीसियन यांना आपले व्याख्यान रद्द करावे लागले. एकांगी टीकेस अधिक पुराव्याने उत्तर देता येते. धमकीने मात्र टीकाकाराबरोबर प्रामाणिक आक्षेपकाचेही म्हणणे झाकोळून जाते. त्या खेळांच्या चाहत्यांचे खरे नुकसान आम्हांस याच ठिकाणी दिसते.