पोलादी शिरस्त्राणांचा संग्रह : अस्सल कसे ओळखावे?

पहिले महायुद्ध जुलै १९१४ मध्ये सुरू झाले तेव्हा युरोपातील प्रमुख सैन्यांच्या पायदळाकडे पोलादी शिरस्त्राणे नव्हती. फ्रेंच व ब्रिटिश सैनिक कापडी टोप्या घालून, तर जर्मन सैनिक टोकदार चामडी टोप घालून आघाडीवर गेले. खंदकांतील लढाई सुरू झाली आणि हवेत फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या छर्ऱ्यांनी डोक्याला होणाऱ्या जखमा झपाट्याने वाढल्या. दोन वर्षांच्या आत या तिन्ही सैन्यांना पोलादाकडे वळावे लागले. ही शिरस्त्राणे आज जगभरातील संग्राहकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहेत. मात्र या बाजारात अस्सलाबरोबर नकलाही मोठ्या प्रमाणात फिरतात. त्यामुळे पैशापूर्वी माहिती जमवणे हे या छंदाचे पहिले पथ्य ठरते.

प्रमुख प्रकार

फ्रान्समध्ये ऑगस्त लुई आद्रियां या लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे शिरस्त्राण १९१५ मध्ये आले. ते अनेक भाग जोडून बनवलेले असून माथ्यावर उभी पट्टी आणि समोर सैन्यशाखेचा बिल्ला असतो. पायदळासाठी ज्वाळा निघणारा हातगोळा, तर तोफखान्यासाठी एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या तोफा अशी चिन्हे आढळतात.

ब्रिटनमध्ये जॉन लिओपोल्ड ब्रोडी यांनी त्याच वर्षी पेटंट घेतलेले शिरस्त्राण उलट्या पसरट भांड्यासारखे दिसते. एकाच पत्र्यातून दाबून काढता येत असल्याने ते झटपट तयार होई. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांना याच घडणीची सुधारित 'मार्क २' आवृत्ती मिळाली होती.

जर्मनीत फ्रीडरिश श्वेर्ड यांनी आखलेले, कान व मान झाकणारे शिरस्त्राण १९१६ च्या प्रारंभी व्हर्दंच्या आघाडीवर दिसू लागले. त्याच्या दोन्ही बाजूंस शिंगांसारखी छोटी नळकांडी असत. त्यांतून हवा खेळे आणि कपाळावरची जादा पोलादी ढाल त्यांवर अडकवता येई. अमेरिकेने १९१७ मध्ये ब्रिटिश नमुना स्वीकारला. १९४१ मध्ये आलेल्या 'एम-१' शिरस्त्राणात पोलादी कवच व आतील अस्तर हे दोन स्वतंत्र भाग होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याची दोन कोटींहून अधिक कवचे तयार झाली.

ओळखीच्या खुणा

जाणकार संग्राहक प्रथम शिरस्त्राण उलटे करून पाहतो. जर्मन कवचाच्या आतील कडेवर कारखान्याची अक्षरे व आकाराचा अंक ठोकलेला असतो. उदाहरणार्थ, 'ईटी ६४' म्हणजे थाले येथील कारखाना आणि ६४ हा आकार. काठही बोलका असतो. १९३५ व १९४० च्या नमुन्यांचा काठ आत वळवलेला असतो. १९४२ च्या नमुन्यात खर्च व श्रम वाचवण्यासाठी तो न वळवता तसाच ठेवला गेला.

'एम-१' मध्ये हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या पाहाव्यात. प्रारंभी त्या कवचाला पक्क्या जोडलेल्या असत. १९४३ पासून हलत्या कड्या आल्या. काठावरील पोलादी पट्टीचा सांधा आधी समोर असे, तो १९४४ च्या अखेरीस मागे गेला. मागे सांधा असलेले कवच जून १९४४ च्या नॉर्मंडीतील उतरणीचे म्हणून कोणी विकू लागल्यास तो दावा टिकत नाही.

ब्रिटिश शिरस्त्राणासाठी लोहचुंबकाची कसोटी उपयोगी पडते. अगदी पहिली साध्या पोलादाची शिरस्त्राणे वगळता ती सुमारे १२ टक्के मँगनीज असलेल्या हॅडफील्ड पोलादाची असत. या पोलादाला लोहचुंबक जवळजवळ चिकटत नाही. साध्या पत्र्याच्या नकलेला तो चटकन चिकटतो.

सर्वाधिक फसवणूक जर्मन चिन्हांच्या बाबतीत होते. युद्धानंतर नॉर्वेसारख्या देशांनी जर्मन कवचे पुन्हा रंगवून वापरली. अशा अस्सल कवचावर नव्याने नाझी चिन्ह चिकटवून किंमत वाढवली जाते. कवच खरे आणि चिन्ह खोटे, असा हा प्रकार असतो. आत लिहिलेले सैनिकाचे नाव किंवा गोळीचे भोकही मागाहून घडवलेले असू शकते. जर्मनीत अशा चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनावर कायद्याने बंदी असून शिक्षण, संशोधन आदी कारणांसाठीच अपवाद केला जातो.

सावधगिरी व जतन

ब्रोडी शिरस्त्राणांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याचे तंतू फुफ्फुसांना घातक असल्याने असे शिरस्त्राण डोक्यावर घालू नये, मुलांच्या हाती देऊ नये आणि अस्तर उसवू नये. जुन्या रणभूमीत स्वतः खोदणे तर अधिकच धोक्याचे. सोम व व्हर्दंच्या परिसरात आजही न फुटलेले तोफगोळे आणि सैनिकांचे अवशेष सापडतात. फ्रान्समध्ये पुरातन वस्तूंच्या शोधासाठी धातुशोधक यंत्र वापरण्यास सरकारी परवानगी लागते.

घासून चकाकी आणणे, नवा रंग देणे, फाटलेले चामडे बदलणे हे मोह टाळावेत. उडालेला रंग व घामाचे डाग हीच वस्तूच्या खरेपणाची साक्ष असते आणि एकदा पुसली की ती परत येत नाही. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पोलादाला गंज व चामड्याला बुरशी लवकर लागते. तेथे शिरस्त्राण कोरड्या, हवेशीर कपाटात मऊ आधारावर ठेवावे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये. वस्तू कोणाकडून, कधी आणि कोणत्या माहितीसह मिळाली याची लेखी नोंद प्रत्येक शिरस्त्राणासोबत ठेवावी. ही नोंद नसेल तर संग्राहकामागे त्याच्या वारसांच्या हाती केवळ जुने पोलाद उरते.